मुदत संपलेलं डोमेन घेऊन छोटा ऑनलाइन धंदा सुरू करावा का?

अनुस्वार
बियाणं, कुंड्या, खुरपी असं बागकामाचं साहित्य ऑनलाइन विकायचं ठरवलंय. नाव शोधताना मुदत संपून लिलावात आलेलं एक डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, दिसलं. त्यावर बरीच वर्षं बागकामाची माहिती देणारी साइट होती. मालकाने नूतनीकरण केलं नाही, पण चांगल्या चांगल्या ब्लॉगांवर तिच्या लिंका अजून आहेत, आणि अशा लिंकांमुळे गूगलच्या शोधात वर यायला मदत होते.

ते डोमेन घ्यावं, असंच माझं मत आहे. कोऱ्या नावाकडे पहिले कित्येक महिने कुणी ढुंकून बघत नाही आणि भांडवल कमी असलं की तेच महिने जिवावर येतात. लोकांच्या ओळखीचं नाव रीतसर मिळत असेल तर का सोडायचं? ज्यांचा विरोध आहे त्यांनी कारणं द्यावीत.

काटेकोर
साफ असहमत. तुम्हाला नाव नकोय, त्या नावामागची पत हवीय. ती ज्याने कमावली त्याने तुम्हाला दिलेली नाही. बंद झालेल्या दवाखान्याची पाटी तशीच ठेवून आत दुसराच धंदा थाटण्यातला हा प्रकार आहे.

आणि हे आता चालतही नाही. गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमचे नियम बदलले, त्यात मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराचा वेगळा उल्लेख आहे. त्याच वर्षी काय झालं बघा: अॅपलविषयी लिहिणारा टीयूएडब्ल्यू हा ब्लॉग २०१५ मध्ये बंद झाला होता. त्याचं नाव नव्या मालकाकडे गेलं आणि जुन्या लेखकांच्या नावाखाली एआयने तयार केलेला मजकूर झळकायला लागला. ज्यांनी तिथे खरोखर लिहिलं होतं त्यांना काय वाटलं असेल?

रानजाई
काटेकोर, उदाहरण बरोबर आहे, पण नियम अर्धाच सांगितलात. गूगलने दिलेले नमुने असे: पूर्वी सरकारी संस्थेची असलेल्या साइटवर कमिशनवाल्या जाहिरातींचा मजकूर, वैद्यकीय सेवाभावी संस्थेच्या जुन्या नावावर औषधी मालाची विक्री, प्राथमिक शाळेच्या जुन्या साइटवर कसिनो. म्हणजे जुन्या नावाच्या जोरावर फालतू मजकूर वर आणायचा, यावर रोख आहे. जुनं नाव घेऊन लोकांसाठी नवी, स्वतःची साइट करायला हरकत नाही, असंही तिथेच लिहिलंय. बागकामाच्या नावावर बागकामाचं दुकान, यात फसवणूक कुठे आली?

अनुस्वार, पैसे भरण्याआधी इतिहास मात्र खणून काढा. साइटींची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर नुसतं शेवटचं पान बघू नका, दर वर्षाची दोनतीन पानं उघडा. मध्येच काही महिने जुगाराच्या जाहिराती आणि मग पुन्हा हिरवंगार मुखपृष्ठ, असं दिसलं तर तिथूनच मागे फिरा. लिंका देणाऱ्यांनी कोणत्या शब्दांवर लिंक दिलीय तेही बघा. गुलाबाच्या छाटणीवर दिली असेल तर ठीक, 'झटपट कर्ज'वर असेल तर कुणीतरी त्या नावाचा आधीच चोथा केलाय. गूगलच्या माणसांनी तपासून साइटवर कारवाई केली असेल तर ती सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात दिसते, पण मालकी सिद्ध केल्यावरच. तो धोका उरतोच, आणि तो धरूनच बोली लावा.

उंबरठा
लिलावात दिसलं म्हणजे हातात आलं असं नसतं. डॉट कॉमचं गणित असं: मुदत संपल्यावर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, ४५ दिवसांपर्यंत नाव धरून ठेवू शकते, मग ३० दिवस जुन्या मालकाला जादा पैसे भरून ते सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते खुलं होतं. लिलाव बहुधा पहिल्या टप्प्यातच होतात, त्यामुळे तुम्ही जिंकलात तरी मूळ मालक परत येऊ शकतो. नाव पूर्णपणे तुमच्या खात्यात येईपर्यंत पाटी, खोकी काहीही छापू नका.

शिवाय ते नाव कुणाचा ट्रेडमार्क आहे का ते तपासा. असेल तर आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या १९९९ सालापासूनच्या तंटा-नियमांखाली तक्रार होऊन, वाईट हेतू सिद्ध झाला तर नाव जातं. भरलेले पैसे पाण्यात.

टपालवाला
सगळे लिंकांवरच अडलेत. ईमेलचं काय?

मी एका कामासाठी असंच जुनं डोमेन घेतलं आणि तपासणीपुरतं त्यावरच्या कुठल्याही पत्त्यावर आलेलं टपाल एका पेटीत वळवलं. पहिल्याच दिवशी माझी नसलेली पत्रं येऊन पडली: पुरवठादाराचं बिल, बँकेची सूचना, पासवर्ड बदलण्याच्या लिंका. जुन्या मालकाने आपली खाती त्या पत्त्यांवरून हलवलीच नव्हती. मनात आणलं असतं तर कुणाच्याही खात्यात शिरता आलं असतं.

तेव्हा नाव घेतलंत तर सगळं टपाल एका पेटीत वळवू नका. माहितीसाठी, संपर्कासाठी असे जे पत्ते जुन्या साइटवर छापलेले होते ते चालूच करू नका, स्वतःसाठी नवेच बनवा. आणि डोमेन काळ्या यादीत नाही ना ते स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसवर बघा, नाहीतर तुमच्या ग्राहकांना पाठवलेल्या पावत्या थेट स्पॅममध्ये जातील.

काटेकोर
टपालवाला यांनी लिहिलंय तेच मला म्हणायचं होतं. नाव मोकळं होतं, पण त्यात माणसं अडकलेली असतात.

अनुस्वार
ईमेलचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, जुने पत्ते बंदच ठेवेन. पण बेत कायम आहे. जुन्या साइटच्या गाजलेल्या पानांचं काय करू? सगळी मुखपृष्ठाकडे वळवू?

रानजाई
तसं नको. छाटणीचा लेख वाचायला आलेला माणूस दुकानाच्या दारात येऊन पडला तर वैतागून जाईल आणि गूगलही अशी पानं 'सापडली नाहीत' यातच धरतं. ज्या विषयावर स्वतः नीट लिहू शकता तेवढ्याच पानांच्या जुन्या वेबपत्त्यांवर नवे लेख लिहा, बाकीची पानं जाऊ द्या. जुना मजकूर उचलायचा नाही. डोमेन घेतल्याने लेखांचा हक्क मिळत नाही, तो लिहिणाऱ्याकडेच राहतो.

काटेकोर
त्याच पत्त्यावर नवा लेख, हे मला अजूनही पटत नाही. ज्या ब्लॉगवाल्याने लिंक दिली त्याने दुसऱ्याच्या लेखाची शिफारस केली होती. अनुस्वार, मुखपृष्ठावर 'मालक बदलला आहे, जुन्या साइटशी संबंध नाही' असं ठळक लिहा, आणि लिंक देणाऱ्यांना पत्र पाठवून तेच कळवा. लिंक ठेवायची की काढायची ते त्यांना ठरवू द्या. एवढं कराल तर माझा विरोध मागे.

अनुस्वार
मुखपृष्ठावरची सूचना नक्की. पत्रंही पाठवतो, पण त्या लेखांच्या जागी माझे लेख लिहून झाल्यावर, म्हणजे त्यांना वाचून ठरवता येईल.

काटेकोर
आधी पाठवा.