तान्ह्या पोळ्याचा नंदी फरशीवर घसरतो, पण सिमेंटच्या रस्त्यावर चालतो, असे का?

महालकर (विचारणा)

तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचा लाकडी बैल, म्हणजे नंदी, दोरीने ओढत नेतात; त्यासाठी आमच्या सातवीतल्या मुलीला तिच्या आजोबांनी सुताराकडून चार चाकांचा सागवानी नंदी करवून दिला. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तो दोरीने ओढला, की चाके फिरतच नाहीत, नुसती घसरत जातात. समोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर तीच चाके व्यवस्थित फिरतात, आणि पलीकडच्या मैदानातल्या ओल्या गवतात ती फिरत असली, तरी ओढायला जोर फार लागतो. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितके घर्षण अधिक आणि घर्षण गतीला विरोध करते, असे तिने वाचलेले आहे. त्या हिशेबाने नंदी फरशीवरच सर्वांत चांगला चालायला हवा होता. याची संगती तिला कशी लावून द्यावी?

निवृत्त विज्ञान शिक्षक, धरमपेठ

मुलीची शंका अगदी योग्य जागी आहे. येथे घर्षण दोन ठिकाणी काम करते, आणि ती दोन्ही ठिकाणे वेगळी काढल्याशिवाय उलगडा होणार नाही. एक घर्षण चाक आणि जमीन यांच्यामध्ये असते व ते चाकाला फिरवते. दुसरे चाकाचे भोक आणि आस यांच्यामध्ये असते व ते चाकाला अडवते. पहिल्याला चाकाच्या त्रिज्येएवढा हात (तरफेसारखी केंद्रापासूनची लांबी) मिळतो, दुसऱ्याला आसाच्या त्रिज्येएवढाच. चाक आसाच्या पाचपट मोठे असेल, तर जमिनीचे घर्षण आसाच्या घर्षणाच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक असले तरी चाक फिरू लागते. म्हणून सुस्थितीतला नंदी फरशीवरही फिरायलाच हवा. आपला घसरतो, याचा अर्थ त्याचे आस कुठेतरी आवळले गेले आहेत. सिमेंटच्या रस्त्याची पकड तेवढ्या अडथळ्यावर मात करते, फरशीची करू शकत नाही.

गवताची गोष्ट निराळी आहे. तेथे अडचण घसरण्याची नसून जमीन दबण्याची आहे. चाकाखाली ओली माती खचते, पुढे लहानसा उंचवटा तयार होतो आणि चाकाला तो सतत चढावा लागतो. त्यात खर्ची पडलेली ऊर्जा परत मिळत नाही. चाक जितके लहान, तितका हा त्रास अधिक, आणि बैलगाडीची चाके एवढी मोठी असण्यामागे हेही एक कारण आहे. याच्या उलट टोकाला रेल्वे आहे: पोलादी रूळ आणि पोलादी चाक फारच थोडे दबतात, त्यामुळे चाक फिरत पुढे जाताना होणारा विरोध वजनाच्या साधारण हजारात एक ते दोन भाग इतकाच राहतो, तर मोटारीच्या टायरला चांगल्या डांबरी रस्त्यावरही शंभरात एकाच्या आसपास विरोध होतो.

लाकूडकाम, इतवारी

आस आवळण्याचे कारण बहुधा पावसाळी हवा असावे. लाकूड ओलाव्याने रेषांच्या (लाकडातल्या धाग्यांच्या) आडव्या दिशेने फुगते, रेषांच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही. आसाच्या रेषा त्याच्या लांबीत असल्यामुळे तो सर्व बाजूंनी जाड होतो. चाक मात्र फळीतून कापलेले असल्याने त्याचे भोक एका दिशेने वाढते आणि दुसऱ्या दिशेने तेवढेच राहते. चाक काढून भोकात पाहावे. समोरासमोर दोन चकचकीत डाग दिसले, तर निदान पक्के समजावे. तेवढी जागा पॉलिश पेपरने हलकेच मोकळी करून मेणबत्ती घासावी. तेल लावू नये, ते लाकडात मुरते आणि त्यावर धूळ बसते.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

सरांचे विवेचन मान्य आहे. मात्र खडबडीतपणा म्हणजेच घर्षण, या समजुतीबद्दल थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण पुढील इयत्तांमध्ये हाच समज फार आडवा येतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, की ते फक्त सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात, आणि खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी अल्प भागात होतो. वजन वाढवले, की ही टोके दबून खरा स्पर्श वाढतो व घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. बोडेन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे नीट उलगडून दाखवले. घर्षण वजनाच्या प्रमाणात असते आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी 1699 मध्येच मांडले होते. त्यांचे कारण असे पुष्कळ नंतर कळले. म्हणूनच वीट आडवी ठेवली काय आणि कडेवर उभी केली काय, ती ओढायला जवळपास तेवढाच जोर लागतो. अतिशय स्वच्छ आणि गुळगुळीत धातूंचे तुकडे तर एकमेकांना इतके चिकटतात, की त्यांच्यातले घर्षण खडबडीत तुकड्यांपेक्षाही जास्त भरते.

महालकर

सर्वांचे मनापासून आभार. भोकात समोरासमोर दोन काळपट, चकचकीत डाग होते. ते मोकळे करून मेण घासल्यावर चाके फरशीवरही फिरू लागली. आता मुलीला फरशी, प्लायवूड आणि गोणपाट यांचे घर्षण मोजायचे आहे. घरच्या घरी ते करता येईल का?

निवृत्त विज्ञान शिक्षक, धरमपेठ

अवश्य करता येईल. चाके दोरीने घट्ट बांधून टाकावीत, म्हणजे फक्त घसरण मोजली जाईल. नंदी फळीवर ठेवून फळीचे एक टोक सावकाश उचलावे आणि तो ज्या क्षणी सुटेल, त्या वेळची टोकाची उंची आणि फळीची आडवी लांबी (टेकलेल्या टोकापासून उचललेल्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपर्यंतचे जमिनीवरचे अंतर) मोजावी. उंची भागिले आडवी लांबी, हाच स्थितिक घर्षणाचा (वस्तू हलण्याआधीच्या घर्षणाचा) गुणांक होय. सुमारे 17 अंशांवर सुटला तर तो 0.3 आणि 31 अंशांवर सुटला तर 0.6 येईल. त्यानंतर कोन किंचित कमी करून नंदीला बोटाने हलकेच ढकलावे; ज्या कोनावर तो वेग न वाढवता एकसारखा घसरत राहील, त्यावरून गतिक घर्षणाचा (घसरत असतानाच्या घर्षणाचा) गुणांक मिळेल आणि तो बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा कमी भरेल. फरशीसाठी एखादी सुटी टाइल फळीवर पक्की बसवावी, आणि प्रत्येक वेळी ती कोरड्या कापडाने पुसून घ्यावी, कारण हाताच्या तेलकटपणानेही आकडा बदलतो. नंदीच्या पाठीवर वजन ठेवून तोच प्रयोग पुन्हा करायला मुलीला जरूर सांगावे.