शॉवरच्या काचेवरचा पांढरा थर निघतच नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाथरूममधल्या शॉवरच्या काचेने अगदी जेरीस आणलंय म्हणून इथे विचारतेय. एक फिक्स काच आणि एक दार असं पार्टिशन आहे, टफन्ड ग्लास, बसवून ४ वर्षं झाली. पहिलं वर्षभर आरपार दिसायचं, मग हळूहळू थेंबांचे गोल गोल ठिपके राहायला लागले आणि आता कमरेखालचा भाग तर ताक सांडून वाळल्यासारखा दिसतो. पाणी जड आहे आमचं, शॉवरची भोकं पण क्षाराने बुजतात, दर दोनतीन महिन्यांनी सुईने मोकळी करावी लागतात.

सगळ्यात जीव कशाने जातो तर काच ओली असली की एकदम लख्ख दिसते, वाटतं चला निघाले डाग, आणि वाळली की परत जैसे थे.

आत्तापर्यंत काय काय करून झालं ते लिहिते म्हणजे तेच परत सुचवायला नको. काच पुसायचा स्प्रे मारून बघितला, त्याने नुसते हाताचे ठसे जातात. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावलं, फेस भरपूर आला पण डाग तिथेच. मग नुसतं व्हिनेगर फवारलं तर ते दोन मिनिटांत ओघळून खाली, काच उभी आहे त्यामुळे टिकतच नाही. एकांनी टॉयलेट क्लीनर लाव म्हणून सांगितलं पण बाटलीवर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लिहिलंय आणि दाराच्या बिजागऱ्या, हँडल सगळं क्रोमचं आहे, म्हणून नाही लावलं. तारेची घासणी आणि ब्लेड अजून काचेला लागू दिलेलं नाही.

एक गोष्ट लक्षात आली ती मुद्दाम सांगते. नख फिरवलं तर खालच्या भागात चक्क खरखर लागते, बारीक वाळूवरून नख न्यावं तशी. पण शॉवरच्या बरोबर समोर पंजाएवढा एक पट्टा आहे, तिथे नख गुळगुळीत सरकतं आणि तरीही काच धुरकट दिसते. हे काय प्रकरण आहे?

घरचे म्हणतात काच बदलून टाकू. मला नाही ते पटत, एवढी चांगली ८ मिलिमीटरची काच, कुठे टवका नाही, नुसत्या डागांसाठी काढून फेकायची? म्हणून विचारतेय, हा क्षार आहे की काचच खराब झालीये? आणि अ‍ॅसिडचं काही लावायचं तर खाली उंबऱ्याला संगमरवराची पट्टी आहे तिला काही होईल का? कोणी स्वतः करून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

*

ताई, आमच्याकडे अगदी सेम होतं, त्यामुळे अंदाजाने नाही सांगत. तुमच्या काचेवर एक नाही, दोन प्रकारचे थर आहेत. साबणाची वडी वापरत असाल तर जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण मिळून एक चिकट, मेणासारखा थर बनतो जो पाण्यात विरघळतच नाही. दुसरा क्षाराचा, तो म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, पाण्याचा थेंब वाळला की मागे राहतं ते. हे दोन्ही एकमेकांत असे बसलेले असतात की नुसतं व्हिनेगर लावलं तर ते चिकट थरावरच अडतं, क्षारापर्यंत पोचतच नाही. आणि सोडा व्हिनेगर एकत्र केलं की दोघं एकमेकांनाच मारतात, तो फेस म्हणजे तुमचं अ‍ॅसिड सोड्यावरच खर्च झालं, काचेला काय मिळणार?

म्हणून आधी भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी घेऊन मऊ स्पंजने काच नीट घासा, बुळबुळीतपणा जाईपर्यंत, मग धुवा. त्यानंतर सायट्रिक अ‍ॅसिड, पाव लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे. उकळतं पाणी घेऊ नका, गरम केलं की कॅल्शियम सायट्रेट तयार होतं आणि ते पटकन विरघळत नाही, नवीनच पांढरं होऊन बसतं. आता ओघळायचं म्हणाल तर टिश्यू पेपर त्या पाण्यात भिजवून थेट काचेवर चिकटवायचे, छान बसतात, वरून प्लास्टिकची फिल्म लावायची आणि अर्धा तास सोडायचं. वाळू मात्र द्यायचे नाहीत, वाळायला लागले तर वरून परत फवारा. मग काढा, स्पंजने हलकं घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या मायक्रोफायबरने लगेच पुसा. ४ वर्षांचा थर एका फेरीत नाही जाणार, जोर लावू नका, परत एक फेरी करा.

संगमरवर वाचवाच!! संगमरवर म्हणजेसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे जे अ‍ॅसिड डाग खातं तेच त्याचं पॉलिश खाणार, व्हिनेगरने पण तेच होतं. आधी प्लास्टिक पसरून कडा टेपने बंद करा आणि तरी थेंब पडलाच तर लगेच पाणी ओता.

ब्लेडला हात लावला नाहीत ते उत्तम केलंत. टफन्ड काच भट्टीतून निघताना कधीकधी काचेचे अगदी बारीक कण पृष्ठभागावर चिकटलेले असतात, ब्लेडने ते ओढले जातात आणि लांबलचक चरे पडतात, ते मग कशानेच जात नाहीत.

*

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, फक्त एक फार महत्त्वाचं राहिलं. खालच्या रबरी पट्टीवर आणि सिलिकॉनवर काळी बुरशी असेल तर बरेच जण तिथे ब्लीच लावतात. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन गॅस निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी करा, मध्ये सगळं नीट धुऊन. हातमोजे घाला, खिडकी नाहीतर एक्झॉस्ट चालू ठेवा.

आणि त्या गुळगुळीत धुरकट पट्ट्याबद्दल, मला तो क्षार वाटत नाही. काचेवर पाणी सतत बसून राहिलं की काचेतलं सोडियम हळूहळू पाण्यात उतरतं, ते पाणी अल्कली होत जातं आणि मग काचेचा पृष्ठभागच झिजतो. खात्री करायला त्याच जागी छोट्या चौकोनात दोन वेळा सायट्रिक लावून बघा, तसूभरही फरक नाही पडला तर ती झीज समजा. तिथे अ‍ॅसिड कितीही लावून उपयोग नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, करून बघितलं म्हणून परत लिहितेय. पहिल्या दिवशी नुसतं लिक्विडने घासलं तेव्हाच स्पंजला राखाडी लगदा आला, मला कल्पनाच नव्हती की एवढा साबण तिथे बसलाय. दुसऱ्या दिवशी दारावर टिश्यू चिकटवले, बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, अर्ध्या तासाने एक कोपरा सोलला तर मागच्या टाइलच्या फटीची रेघ स्पष्ट दिसली, इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. तीन फेऱ्यांत दार पूर्ण स्वच्छ झालं, फिक्स काचेच्या अगदी तळाला चार बोटं अजून खरखरीत आहे, तिथे अजून एक फेरी करणार आहे. संगमरवराला काही झालं नाही. आता आंघोळ झाली की लगेच वायपर फिरवतो सगळे, वरून खाली, अर्धं मिनिट पण लागत नाही, आणि वडीऐवजी शॉवर जेल आणलंय.

तो पंजाएवढा पट्टा मात्र आहे तसाच आहे. दोनदा लावून बघितलं, काही फरक नाही, म्हणजे झीजच म्हणायची. आता सिरियम ऑक्साइडची पावडर ओली करून फेल्टच्या पॅडने काच पॉलिश करतात असं कळलंय. हे कोणी बसवलेल्या काचेवर, न काढता केलंय का? हाताने होतं की ड्रिलला पॅड लावावाच लागतो, आणि एकाच जागी घासून काच तापते म्हणतात तर टफन्ड काचेला त्याने धोका आहे का? जागा लहान आहे, वेळ लागला तरी चालेल, पण काचेला काही व्हायला नको.