आकाशाचे फोटो : काय बिघडलं होतं आणि कशानं सुटलं?

पावसाळा सरला, आकाश धुऊन निघालं की ओळखीतल्या नवख्या मंडळींचे फोन सुरू होतात. ‘कॅमेरा लावला, पण फोटो येत नाही.’ येत नाही म्हणजे नक्की काय होतं, असं विचारलं की बरेच जण अडतात. तारे लांबट येणं वेगळं, फुगीर येणं वेगळं, हळूहळू मंद होत जाणं वेगळं. प्रत्येक दुखण्याचं मूळ निराळं, आणि बहुतेक वेळा ते आपण संशय घेतो तिथे नसतंच. तोवर नवीन लेन्स मागवून झालेली असते.

म्हणून सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं : आपापला अनुभव लिहा. फोटोत काय दिसलं, आधी कशावर संशय आला, शेवटी काय निघालं. दुकानाचं, कंपनीचं नाव नको, वर फक्त आपल्या गावाचं नाव. सुरुवात मीच करतो.

पहिल्या हिवाळ्यात वांगणीला जाऊन मृग नक्षत्राच्या दीडशे फ्रेम घेतल्या. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. घरी संगणकावर उघडलं तर प्रत्येक तारा वाटाण्याएवढा. लेन्स जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, त्यामुळे फसवणूक झाली असंच वाटलं. खरं कारण साधं होतं. फोकसची रिंग मी अनंताच्या खुणेवर, म्हणजे त्या आडव्या आठवर नेऊन ठेवली होती. बऱ्याच लेन्स अनंताच्याही थोड्या पुढे फिरतात, त्यामुळे खुणेवर भरवसा ठेवता येत नाही. आता मी लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं थेट चित्र) सुरू करून व्याधाचा तारा दहापट मोठा करतो आणि रिंग केसभर फिरवत राहतो. ठिपका लहान होत जातो, एका जागी सर्वांत बारीक होतो, आणि पुढे पुन्हा फुगू लागतो. फुगू लागला की मागे यायचं, सर्वांत बारीक जागी थांबायचं आणि रिंगवर चिकटपट्टी लावायची. रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून तासाभराने परत बघतो.

डोंबिवली

मी ट्रॅकरबद्दल, म्हणजे ताऱ्यांमागे कॅमेरा हळूहळू फिरवणाऱ्या यंत्राबद्दल लिहिते. २०० मिमी लेन्स, ३० सेकंदांचं एक्सपोजर, आणि तारे सरळ रेघांसारखे. सगळ्यांनी सांगितलं, पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं, चुकतंय. तीन रात्री गच्चीवर गुडघे टेकून ध्रुव लावत बसले, फरक शून्य. चौथ्या रात्री वैतागून ट्रॅकर बंद ठेवून एक फोटो काढला आणि चालू करून एक. चालू असतानाच्या रेघा बंदपेक्षा लांब होत्या, जवळपास दुप्पट! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. यंत्र चालत होतं, पण उलट्या दिशेने. बाजूला नखाने सरकवायचं एक इवलंसं बटण आहे, उत्तर गोलार्धासाठी एन आणि दक्षिणेसाठी एस. ते पिशवीत घासून एसवर गेलं होतं. आता बटणावर टेप आहे. आणि ‘बंद-चालू’ची ही जोडी मी प्रत्येक रात्री सगळ्यात आधी काढते, एका मिनिटाचं काम आहे.

सांगली

शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांसाठी १३० मिमी आरशाची, ६५० मिमी फोकल लेंग्थची न्यूटोनियन (आरशांची) दुर्बीण घेतली. डोळ्याने चंद्र अप्रतिम दिसायचा. डीएसएलआर कॅमेरा जोडला की फोकसर (फोकससाठी आत-बाहेर सरकणारी नळी) पूर्ण आत ढकलला तरी चंद्र धूसरच. कॅमेरा बिघडला, टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) चुकीची आली, असे सगळे तर्क झाले.

एका संध्याकाळी कॅमेरा काढून फोकसरच्या तोंडापाशी ट्रेसिंग पेपर धरला आणि पुढे-मागे करून पाहिला. चंद्राची जेमतेम ६ मिमीची प्रतिमा कागदावर ठसठशीत उमटली, पण फोकसरच्या अगदी जवळ. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र टी-रिंगच्या तोंडापासून ५५ मिमी आत असतो. प्रतिमा जिथे पडते तिथे सेन्सर पोचतच नव्हता, इतकीच गोष्ट. केवळ डोळ्याने बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच छोट्या न्यूटोनियनमध्ये हे होतं. दोनपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावली, प्रतिमा बाहेर सरकली आणि चंद्र लखलखीत आला. बार्लोने चित्र दुप्पट होतं तसा प्रकाश चौपट पसरतो. चंद्राला ते चालतं, तेजोमेघांना फार जड जातं. म्हणून पुढे मुख्य आरशाचे बोल्ट बदलून आरसाच नळीत वर घेतला. ते मात्र जाणत्या माणसाच्या सोबतीने करा आणि नंतर कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, पुन्हा करा.

त्या रात्री नववीच्या एका मुलीने ट्रेसिंग पेपरवरच्या चंद्रावर पेन्सिलीने विवरं गिरवली. तो कागद अजून प्रयोगशाळेत लावलेला आहे.

कोल्हापूर

आपल्या अक्षांशाचा त्रास कुणीच आधी सांगत नाही, म्हणून लिहितो. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. कोल्हापुरात जेमतेम १७ अंश. एवढ्या खाली धूळ, धुकं, शेजारच्यांचं नारळाचं झाड, सगळं आडवं येतं. त्यात इक्वेटोरियल माउंटचा (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचा) अक्ष इतका झोपवावा लागतो की काउंटरवेटचा, म्हणजे तोल राखणाऱ्या वजनाचा, दांडा खाली आला की ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला धडकतो. माझी मोटार तिथे अडून कुरकुरत होती आणि मी गिअर खराब झाले म्हणून माउंट खोलायला निघालो होतो.

उपाय असा निघाला : एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेच्या डाव्या-उजव्या अंगाला ठेवायचे, म्हणजे दांडा दोघांच्या मधून फिरतो. त्यासाठी ट्रायपॉडच्या डोक्यावरची छोटी खुंटी दुसऱ्या जागी बसवावी लागते, काही ट्रायपॉडला तशी सोय असते. नसेल तर मध्ये छोटा खांब घालून माउंट वर उचलायचं. अक्षांशाचा बोल्ट फिरवताना दुसऱ्या हाताने माउंटला आधार द्या. सगळा भार त्या बोल्टवर येतो आणि तो वाकतो. माझा वाकला.

म्युनिक

कोल्हापूरकर, इथे ध्रुव ४८ अंशांवर आहे, त्यामुळे पायाला धडकण्याचा प्रश्न कधी आला नाही. इथला शत्रू थंडी. उणे १० अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी अर्ध्या वेळात मान टाकते. कॅमेरा सदोष समजून परत करणार होतो. बॅटरी थंडीने निजते, मरत नाही. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा, ऊब लागली की ‘संपलेली’ बॅटरीही थोडा वेळ चालते.

रत्नागिरी

आमच्याकडे दव. डिसेंबरात अंगणात कॅमेरा लावला, पहिल्या चाळीस फ्रेम छान, पुढे ताऱ्यांभोवती तेजोवलय, मग तारेच गायब. ढग आले म्हणावं तर वर कृत्तिका स्वच्छ. बॅटरीचा झोत लेन्सवर तिरपा टाकला तेव्हा दिसलं : काच पूर्ण पांढरी, भाताचं झाकण काढल्यावर चष्म्यावर येते तशी वाफ. ती रुमालाने पुसू नका. पुसली तर काच चरते आणि दोन मिनिटांत दव परत येतं. पाच व्होल्टची हीटरपट्टी मिळते, ती लेन्सच्या पुढच्या काचेलगत गुंडाळायची आणि वर हुड लावायचा. दव पडायच्या आधीपासून चालू ठेवायची.

पण आमचं खरं नुकसान पावसाळ्यात झालं. जूनमध्ये पिशवीत ठेवलेली लेन्स ऑक्टोबरमध्ये काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. ती लेन्स वडिलांनी घेऊन दिलेली होती, म्हणून जास्त लागलं. आता सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. त्यासाठी स्वयंपाकाची भांडी मात्र वापरू नका.

नागपूर

छोटासा अनुभव. जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, म्हणून पुढच्या हिवाळ्यात मुद्दाम तिकडे गेलो. असं आकाश आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि ट्रॅकर दर थोड्या वेळाने बंद! मोटार गेली असं वाटलं. दोष पॉवर बँकेचा. ट्रॅकर इतकी कमी वीज ओढतो की काही पॉवर बँकांना काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि त्या आपोआप बंद होतात. त्याच पॉवर बँकेवर हीटरपट्टीही जोडली, मग पहाटेपर्यंत चालली.

पुणे

ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू. सूर्यास्तानंतर पश्चिमेला अगदी थोडा वेळ मिळायचा. सासवडजवळ माळावर गेलो होतो. ८५ मिमी लेन्स, ३ सेकंद, साधा ट्रायपॉड. पाचशेच्या नियमाने (५०० भागिले फोकल लेंग्थ, छोट्या सेन्सरला आणखी भागिले दीड, तेवढे सेकंद तारे ठिपके राहतात) ३ सेकंद चालायला हवे होते, तरी तारे वेडेवाकडे, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या दिशेला. दिशा दर वेळी वेगळी म्हणजे पृथ्वीचं फिरणं नाही, हे बायकोने ओळखलं. दोन कारणं निघाली. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालूच राहिलं होतं. आणि वजन म्हणून ट्रायपॉडला टांगलेली पिशवी वाऱ्यावर झुलत होती. पिशवी जमिनीला टेकवली, स्टॅबिलायझेशन बंद केलं, दोन सेकंदांचा टायमर लावला. शेवटच्या दहा मिनिटांत शेपटीसकट धूमकेतू मिळाला.

सातारा

माझं अजून सुटलेलं नाही, तरी लिहू का? ८० मिमी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), फील्ड फ्लॅटनर (कडेचे तारेही ठिपक्यासारखे यावेत म्हणून लावायचं भिंग), डीएसएलआर. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे, पण डाव्या बाजूचे लांबट. फ्लॅटनर बदलावा का?

सातारकर, सुरुवात करणारा मीच उत्तर देतो : आत्ता काही बदलू नका. चारही कोपरे सारखेच बिघडले असते तर मी आधी फ्लॅटनर ते सेन्सर हे अंतर मोजायला सांगितलं असतं, बऱ्याच फ्लॅटनरना ५५ मिमी लागतं. तुमची एकच बाजू बिघडते, म्हणजे काहीतरी तिरकं बसलंय. दुर्बिणीला हात न लावता फक्त कॅमेरा अर्धा फेरा फिरवा. दोष फोटोत डावीकडेच राहिला तर तो कॅमेऱ्याकडचा. उजवीकडे गेला तर फोकसर किंवा नळीकडचा.

सातारा

आत्ताच गच्चीवरून आलो. दोष उजवीकडे गेला. फोकसर हाताने हलवून पाहिला, नळी किंचित डुगडुगते. कसायचा स्क्रू एकाच बाजूला आहे, बहुतेक तोच नळी एका अंगाला ढकलतोय. तो जरा सैल करून ब्रह्महृदयावर पाच फ्रेम घेतो. ढग येताहेत, पण अजून तासभर मिळेल.