पोळ्या वाढवल्या आणि वातड व्हायला लागल्या, मदत हवी आहे

पोळीभाजी_चिंचवड:
लवकर सांगा कुणीतरी, सोमवारी उत्तर द्यायचंय. आमचं पोळीभाजी केंद्र सहा वर्षं चाललंय, कधी तक्रार नव्हती. महिन्यापूर्वी एका कारखान्याच्या कँटीनची ऑर्डर घेतली आणि तेव्हापासून पोळी वातड होते, काल दोनशे परत आल्या. गहू तोच, गिरणी तीच, बायका त्याच. चपातीचं मशीन घेऊ का ऑर्डर सोडू? मशीनवाला रोज फोन करतोय.

थ्रीफेज:
आधी किती करत होता, आता किती? भाजल्यापासून किती वेळानं खातात?

पोळीभाजी_चिंचवड:
आधी २५०, आता ९००. वेळेचं काय, सकाळी करतो दुपारी जेवतात.

थ्रीफेज:
मग मशीन घ्याच. मी मेसला लावलंय, माणसांची कटकट मिटली.

आत्याबाई:
मेसमध्ये गरम वाढता तुम्ही, यांची पोळी डब्यात जाते. ताई, कणीक कधी मळता आणि कोण मळतं ते सांगा आधी.

पोळीभाजी_चिंचवड:
पहाटे चारला, २० किलो एकदम. शेवटची पोळी नऊला उतरते. पूर्वी मीच दोन-दोन किलो मळायचे, आता नवीन चौघींपैकी एकीकडे दिलंय.

आत्याबाई:
अहो बायका त्याच म्हणालात ना! पाच तासात कणीक सैल पडते, मग लाटताना चिकटते म्हणून पिठी जास्त लावतात, ती तव्यावर करपते आणि पोळी कोरडी होते. लाटणाऱ्यांना बोलू नका, त्यांच्या हातात आलेली कणीकच तशी आहे.

करसल्ला:
जीएसटीचं बघितलंत का? पोळी-चपातीवरचा ५ टक्के २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, पण तिथे जाऊन वाढायचंही कंत्राट असेल तर ते वेगळं, सीएला विचारून घ्या.

पोळीभाजी_चिंचवड:
दादा ते नंतर बघते, आधी पोळी.

गिरगावकर:
लिज्जतचं बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आज केवढं झालंय. पीठ शाखेत एका ठिकाणी मळतात, मळलेलं पीठ घरोघरी जातं, पापड परत आला की तपासून घेतात. तुम्हीही मळणं एका हाती ठेवा, लाटणं वाटून द्या.

आत्याबाई:
पापड वाळवून महिने टिकतो हो, पोळीचं तसं नाही.

डबा_१८९०:
एका जागी मळण्यातच घोळ झालाय यांचा! डबेवाले इतकी वर्षं टिकले कारण वीस-पंचवीस जणांचा गट आणि त्याला एक मुकादम, सगळा कारभार एका टेबलावर नाही. तुम्ही दोन टोळ्या करा, प्रत्येकीत तुमच्या जुन्या बायकांपैकी एक, तीच दर तासाला दोन किलो मळेल. आणि गरम पोळ्या थेट डब्यात भरता का?

पोळीभाजी_चिंचवड:
हो, गरमच भरतो, गाडी साडेनऊला येते. कँटीनमध्ये साडेबाराला उघडतात.

आत्याबाई:
तीन तास वाफेत! वरची ओली, खालची चामड्यासारखी. चाळणीवर पसरून वाफ जाऊ द्या, मग सुती कापडात गुंडाळा.

पोळीभाजी_चिंचवड:
काउंटरवर गिऱ्हाईक तेव्हाच्या तेव्हा न्यायचं, त्यामुळे हे कधी करावंच लागलं नाही. उद्या दोन टोळ्या करून बघते. पण ९०० पसरायला जागाच नाहीये, सोमवारी कँटीनवाल्यांना ५०० वर या म्हणू का? ऑर्डर हातची जाईल अशी भीती वाटते, चौघींना कामावर घेतलंय मी.

थ्रीफेज:
मशीनचा व्हिडिओ पाठवतो, एकदा बघा तरी.