ऑइल पंप ठेवू की काढून टाकू? (टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन)

खाडीकाठ:
मालवणजवळच्या देवबागला पर्यटकांच्या फेऱ्या मारायला भावाने जुनं 40 एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं. टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर तेलही लागतं. याची तेलाची टाकी वेगळी आणि तेल पंप ओढतो, म्हणजे ऑइल इंजेक्शनवालं. मेकॅनिकने झाकण उघडलं, पंपाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे काढून टाक. पेट्रोलमध्येच तेल मिसळ, रात्री झोप लागेल." भाऊ लगेच तयार. मला काही पटत नाही.

पंप शोभेला बसवलेला नाही. तो इंजिनावर फिरतो आणि थ्रॉटलला सळईने जोडलेला असतो. थ्रॉटल वाढवला की तेल वाढतं, संथ चाललं की कमी होतं. मिसळलेल्या पेट्रोलला काय कळणार आपण डॉल्फिन दाखवत रेंगाळतोय की धक्क्याकडे पळतोय? तिथे 50:1 (50 भाग पेट्रोल, 1 भाग तेल) म्हणजे 50:1. दिवसभर संथ चाललं की धूर, काळे प्लग आणि पर्यटकांची तोंडं वाकडी. माझं मत: पंप ठेवावा. ज्यांनी काढलाय त्यांनी कारण सांगा.

रापणकर:
कारण सांगतो. पंप मेला की कळत नाही.

आमच्या इंजिनाच्या तेलाच्या टाकीत तेल अर्ध्यावर होतं. भोंगा वाजला नाही, कारण आमचा भोंगा टाकीतली पातळी बघायचा. पुढे नळीतून तेल जातंय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पंप फिरवणारा प्लास्टिकचा गिअर झिजला होता. आधी आवाज जड झाला, मग वेग आपोआप उतरला, मग खट्. वरचा पिस्टन चिकटला होता. दुसऱ्या होडीने दोर टाकून ओढत आणलं, तेव्हा सगळा किनारा बघत होता. दुरुस्तीच्या पैशांत निम्मं जाळं आलं असतं.

मिसळलेल्या पेट्रोलचं गणित सरळ आहे. इंजिन चालतंय म्हणजे पेट्रोल जातंय, आणि पेट्रोल जातंय म्हणजे तेल जातंय. मधे बिघडायला काही नाही.

घाटवाला_आरएक्स:
मी पुणेकर. समुद्राशी संबंध मासे खाण्यापुरता, तरी बोलतो. आरएक्स 100 ला हाच प्रकार होता, ऑटोल्युबचा वेगळा पंप. कॉलेजात निम्म्या पोरांनी तो काढला होता, "भरवसा नाही" म्हणून. त्यातल्या एका मित्राने सातारला जाताना घाईत पेट्रोल भरलं आणि 2टी तेल टाकायचं विसरला. खंबाटकीत गाडी जाम. पंप काढला की माणूस पंप होतो, आणि माणसाला भोंगा नसतो.

रापणकर:
@घाटवाला घाटात गाडी जाम झाली की बाजूला लावून चहा पिता येतो. आमच्याकडे बाजू नसते.

तांडेल:
वीस वर्सां मिसळूनच चालवतंय. 25 लिटरच्या कॅनाक अर्धो लिटर तेल. आधी थोड्या पेट्रोलात तेल घालूचा, कॅन हलवचो, मगे बाकीचां पेट्रोल. ह्यां घराकडे, उजेडात. दर्यात मिसळूचा नाय. लाट येता, माप सांडता, खारां पाणी कॅनात जाता. ज्याका ह्यां जमणां नाय, तेना पंपच ठेवचो.

खाडीकाठ:
तांडेल काका, तुमचा हात बसलाय. आमच्याकडे सीझनला दोन नवी पोरं असतात. एकाला वाटतं, जास्त तेल घातलं की इंजिन जास्त खूश! जास्त तेलाने कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, हे त्याला तीनदा सांगून झालं.

खर्चाचंही बघा. संथ चालताना तासाला 3 लिटर पेट्रोल धरलं, तर 50:1 ने 60 मिली तेल जातं. पंपाने तेवढ्यात 100:1 दिलं तर 30. दिवसात चार तास संथ धरले तर 120 मिली वाचतं.

रापणकर:
120 मिली! एवढ्यासाठी पिस्टन पणाला लावायचा?

ग्रीसचे_हात:
ओबीएम दुरुस्त करणं हाच माझा धंदा, म्हणून दोन्हीकडच्यांना थोडं टोचतो.

"मधे बिघडायला काही नाही" हे पूर्वी खरं होतं. आता पेट्रोल पंपावर ई-20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढतं. 1 जूनला मासेमारी बंद झाली आणि अर्धा कॅन तसाच खोपटात राहिला, की दमट हवेत पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसू शकतं. तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतली नळी ओढते तळातून. ऑगस्टमध्ये तुम्ही निवांत दोरी ओढता आणि इंजिनाला तेलाशिवायचं पाजता. मिसळलेलं महिन्याच्या आत संपवा. उरलेलं इंजिनात घालू नका.

पंपवाल्यांनो, तुमच्या पंपांपेक्षा मी तुमच्या नळ्या जास्त बदलतो. उन्हाने कडक होतात, जोडातून हवा घेतात. बुडबुडा अडकला की पुढे तेल नाही. नळी बदलल्यावर हवा काढायची असते, ती निम्मे लोक काढत नाहीत. आणि पंप काढायचाच तर नीट काढा. नुसती तेलाची नळी कापून बोळा कोंबला तर पंप आत कोरडा फिरत राहतो आणि झिजतो. तो भुसा इंजिनातच जातो.

आणखी एक. स्कूटरचं 2टी तेल यात घालू नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू3 (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या तेलाची खूण) लिहिलेलं बघूनच घ्या.

नवा_गडी:
एवढं डोकं लावण्यापेक्षा फोर-स्ट्रोक घ्या ना.

रापणकर:
पैसे तू दे. आणि रोज वाळूतून ते वजन उचलायलाही ये.

खाडीकाठ:
आज सकाळी ग्रीसवाल्या दादांचं वाचून तेलाची टाकी सोडवली. तळाला करंगळीच्या पेराएवढं पाणी होतं, वर मळकट दुधासारखा थर. बहुतेक झाकणाची रबरी रिंग चिरल्यामुळे पाणी शिरलं असावं. पंप चांगला असूनही त्याने इंजिनाला पाणीच पाजलं असतं.

पंप ठेवतोय. टाकी धुतली, रिंग, गाळणी आणि सगळ्या नळ्या बदलल्या, हवा काढली. टाकीवर मार्करने रेघ मारली आहे. प्रत्येक फेरीनंतर तेल रेघेखाली किती उतरलं ते पोराने वहीत लिहायचं. उतरलं नाही तर इंजिन बंद. आणि पंप तेल ओढतोय याची खात्री होईपर्यंत पहिल्या दोन टाक्या पेट्रोलमध्येही 50:1 घालणार आहे.

रापणकर:
म्हणजे शेवटी मिसळलंसच की.

खाडीकाठ:
दोन टाक्या, दादा. दोनच.