प्रतिसाद : अपस्मार, न्यूरॉलॉजिस्ट आणि फिनोबार्बिटोन

न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) वाढल्याशिवाय गावाकडच्या फिट येणाऱ्या रुग्णांचं काही होणार नाही, हे मत मला पटत नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) आहे, त्यातले जवळपास ८०% गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. योग्य औषध मिळालं तर ७०% पर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. फिनोबार्बिटोन हे फिट रोखणारं औषध १९१२ पासून वापरात आहे आणि अतिशय स्वस्त आहे. नव्या रुग्णाचं निदान आणि गोळीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टर करू शकतो. ज्यांच्या फिट आवरत नाहीत तेवढे रुग्ण न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावेत.

उपचारातून रुग्णांची खरी गळती पुढे होते. केंद्रातला साठा संपतो, तालुक्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, आणि दोन-चार महिने फिट आली नाही की घरचेच गोळी बंद करतात. अचानक बंद केलेली गोळी फार धोकादायक, सलग फिट येऊन जीवही जाऊ शकतो! म्हणून एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात आणि आशाताईंनी घरी विचारपूस करावी. लग्नाच्या वयाच्या मुलींना व्हॅल्प्रोएट हे फिटचं दुसरं औषध शक्यतो टाळावं, गर्भाला अपाय होतो. हे त्यांना कुणी सांगतच नाही.