कोलायटिसला कुडापाळ पुरे का?

सातारकर:
धाकट्या भावाला (वय २९) चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे. ती सूज आटोक्यात ठेवायला रोज मेसालामाइनच्या गोळ्या. आत्याच्या ओळखीचे वैद्य म्हणतात, "ही ग्रहणीच (आयुर्वेदातला जुन्या जुलाबांचा आजार). तीन महिने कुडापाळाचा, म्हणजे कुड्याच्या सालीचा, काढा घ्या, गोळ्या बंद करा." मला पटतंय. मागे स्टेरॉइडने त्याचा चेहरा सुजला, झोप उडाली, ते मी पाहिलंय.

रानवाटा:
जरूर करा. कुडा आमच्या कुंपणालाच आहे. आजी पाळ उगाळून ताकातून द्यायची, दोन दिवसांत आव थांबायची. हळदीचंही तेच. जपानमध्ये २००६ साली कोलायटिसच्या रुग्णांना रोज २ ग्रॅम कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) दिलं. सहा महिन्यांत ४३ पैकी दोघांचाच आजार पुन्हा उफाळला, न घेणाऱ्या ३९ पैकी ८ जणांचा.

वॉर्डातली ताई:
त्या दोन्ही गटांच्या गोळ्या चालूच होत्या हो! हळद जोडीला होती, गोळ्यांच्या जागी नव्हे. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, फरक पडला नाही. आणि २ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम हळद, भाजीतली चिमूट नव्हे.
आजीची आव जंतूंची होती. कोलायटिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते. काढ्याने जुलाब आवळले म्हणजे आतली सूज गेली असं नाही. माझ्या मामेभावाने गोळ्या सोडल्या. दोन महिने बरा होता, मग भांडंभर रक्त. दाखल केला तेव्हा हिमोग्लोबिन ६.

रानवाटा:
वाईट झालं. पण सगळे वैद्य तसे नसतात. आमचे आधी कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने आतडं तपासल्याचा) रिपोर्ट मागतात, गोळ्या सोडू देत नाहीत. उलट काढ्याचं नाव काढलं की डॉक्टर अंगावर येतात, म्हणून लोक लपवतात.

वॉर्डातली ताई:
हे अगदी खरं, आणि चूक आम्हा दवाखान्यातल्यांची आहे. तरी सांगाच. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आली होती. जपानमध्ये निळीच्या झाडापासून केलेल्या औषधी पुडीने (कपड्यांची नीळ नव्हे) कोलायटिस खरंच आटोक्यात यायचा, पण काहींच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला. २०१६ मध्ये सरकारला इशारा द्यावा लागला.

सातारकर:
आत्ताच भावाला फोन केला. तीन आठवड्यांपूर्वीच त्याने गोळ्या बंद केल्यात. आईलाही सांगितलं नाही. कालपासून पाच-सहा वेळा जावं लागतंय, रक्त नाही म्हणतो. सकाळी त्याला घेऊन डॉक्टरांकडे निघतोय, काढ्याची बाटलीही सोबत नेतो.